कावड आणि गोत्र : दोन प्रवासांतील ‘मी’

दीर्घ प्रवासात ‘स्व’ हरवतो आणि अखेरीस नव्या रूपात गवसतो, ही प्रवाससाहित्याच्या अभ्यासातील एक रूढ मांडणी आहे. विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ आणि राहुल सांकृत्यायन यांची ‘मेरी जीवन यात्रा’ शेजारी ठेवून वाचताना ही मांडणी दोन्हीकडे अपुरी पडते, आणि निरनिराळ्या कारणांनी पडते.

गोडसे १८५७ मध्ये चुलते रामभट यांच्यासह कोकणातील वरसईहून निघाले ते घरचे कर्ज फेडण्यासाठी. बायजाबाई शिंदे यांनी योजलेल्या यज्ञाची वार्ता हे निमित्त. ‘स्व’चा शोध वगैरे कल्पना त्यांच्या गावीही नव्हती. वाटेत बंड पेटले आणि दक्षिणेच्या आशेने निघालेला भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. जवळचे द्रव्य मिळत गेले आणि लुटले जात राहिले. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडल्यानंतरची कत्तल त्यांनी लपून राहून अनुभवली. मात्र या सर्व पडझडीत ‘मी कोण’ हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही. त्यांचे भिक्षुकपण अंगावरच्या वस्त्रासारखे काढून घेता येण्याजोगे नव्हते. ते इतरांच्या ओळखण्यात होते.

काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा. धुळीने माखलेली, पठाणी वेषातील राणी लक्ष्मीबाई तहानेली आहे; विष्णुभट पाणी काढू लागतात, आणि ती त्यांना थांबवून स्वतः पाणी काढते. या प्रसंगाचा करुणरस नेहमी वाखाणला जातो. येथे मुद्दा वेगळा आहे. राज्य, गाव, स्त्रीवेष हे सारे गेलेली राणी समोरच्या माणसाचे ब्राह्मणपण मात्र विसरत नाही. आणि तोही तिला राणी म्हणूनच पाहतो. दोघांचेही काही उरले असेल तर ते दुसऱ्याच्या नजरेत. अस्मिता ही अंतरंगात जपलेली वस्तू मानणाऱ्या आधुनिक वाचकाला हे चटकन उमगत नाही.

राहुलजींचे उदाहरण नेमके उलट दिशेचे. केदारनाथ पांडे या नावाने १८९३ मध्ये जन्मलेला हा माणूस वैष्णव मठात रामउदार दास झाला, पुढे आर्यसमाजात गेला आणि १९३० मध्ये श्रीलंकेत भिक्षुदीक्षा घेऊन राहुल सांकृत्यायन झाला. वयाची पन्नास वर्षे पूर्ण होईपर्यंत आजमगढ जिल्ह्यात पाऊल न टाकण्याचा निश्चय त्यांनी केला होता आणि तो पाळला. १९२९ मध्ये शिवरात्रीच्या यात्रेकरूंत मिसळून ते नेपाळात शिरले आणि तेथून वेषांतर करून तिबेटात गेले. गोडशांवर परिस्थितीने जे लादले ते राहुलजींनी हौसेने पत्करले. पण त्यांच्या नव्या नावाची फोड करून पाहावी : ‘राहुल’ हा बुद्धाचा पुत्र, आणि ‘सांकृत्यायन’ हे सांकृत्य गोत्रावरून आलेले. जात, घर, धर्म मागे टाकलेल्या भिक्षूने गोत्र मात्र नावातच बांधून नेले. याला विसंगती म्हणून हसण्यात अर्थ नाही. नाव बदलणाऱ्यालाही नव्या नावासाठी जुनी मुळे लागतात, आणि ‘वरसईकर’ हे गावाचे नाव ज्याच्यामागे आपोआप येते त्याला तो खटाटोप करावा लागत नाही, एवढेच यातून दिसते.

आता मराठी पाठाची अडचण. गोडशांनी आपली हकीकत १८८३ च्या सुमारास लिहिली. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती १९०७ मध्ये प्रसिद्ध केली, तीही भाषेवर बराच हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ मध्ये उपलब्ध झाला. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचकाने जो ‘मी’ ओळखला तो अंशतः वैद्यांचा होता. वैद्यांच्या आवृत्तीच्या शीर्षकात बंडाच्या हकीकतीचा उल्लेख आला आणि वाचकाचे लक्ष प्रवाशावरून घटनेकडे वळले. या बाबतीत मराठी समीक्षेने पुरेशी सावधगिरी बाळगलेली नाही, असे माझे मत आहे. वैद्यांच्या पाठावरून गोडशांच्या आत्मभानाविषयी काढलेले निष्कर्ष पोतदारांच्या पाठाशी ताडून पाहिल्याखेरीज ग्राह्य धरू नयेत. हिंदीत अमृतलाल नागर यांनी आणि अलीकडे इंग्रजीत २०११ मध्ये मृणाल पांडे, २०१४ मध्ये प्रिया आडारकर व शांता गोखले यांनी ही कृती नेल्यानंतर तर हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे; कारण भाषांतरातून वाचणारा तौलनिक अभ्यासक कोणत्या ‘मी’शी बोलतो आहे, हे त्याला ठाऊक असावे लागते.

दोन्ही कृतींचे शेवटही निराळे. गोडसे घरी परतले तेव्हा खांद्यावर गंगेची कावड होती. ज्या कमाईसाठी बाहेर पडले होते ती फारशी उरली नव्हती. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले, आणि पुत्र म्हणून ते पुन्हा आपल्या जागी बसले. राहुलजींनी अनेक नावे ओलांडली आणि आयुष्यभराच्या भटकंतीचा हिशेब अनेक खंडांत लिहून ठेवला. १९६१ मध्ये त्यांची स्मृती गेली आणि १९६३ मध्ये दार्जिलिंग येथे त्यांचे निधन झाले. अखेरच्या काळात स्वतःच्या प्रवासाची साक्ष देण्यास त्यांच्यापाशी त्यांनी लिहिलेली पुस्तके तेवढी उरली होती.