सम्यक आजीविका : एका शब्दाची मर्यादा

बौद्धांच्या आर्थिक आदर्शाला नाव काय द्यायचे? कोणी 'बौद्ध साम्यवाद' म्हणतो, कोणी 'मध्यम मार्गाचे अर्थशास्त्र'. बहुतेक जण 'सम्यक आजीविका' या शब्दावर थांबतात. मीही तिथेच थांबलो होतो. कोल्हापुरातल्या एका बैठकीत मी या शब्दावर बोललो, तेव्हा चपला शिवणाऱ्या एका कारागिराने विचारले, "सर, शस्त्रं, प्राणी, मांस, दारू, विष, हे पाच व्यापार उपासकानं करू नयेत म्हणता. कातडं तर मांसाच्या धंद्यातनंच येतंय. मग माझं काय?" कातडे त्या यादीत नाही, एवढे सांगून मी स्वतःची सुटका करून घेतली. प्रश्न मात्र सुटला नाही.

म्हणून हे शब्द तपासले पाहिजेत. भिक्खूची खाजगी मालमत्ता मोजक्या वस्तूंपुरती असे, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या लेखनात दाखवले आहे. पण तो नियम संघाचा. अनाथपिंडिक श्रेष्ठी उपासकच होता. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाच्या उत्पन्नाचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगाला, दोन धंद्याला, एक अडचणीच्या काळासाठी. तेव्हा 'साम्यवाद' हा शब्द संघाला लागू पडेल, वस्तीला नाही.

'बौद्ध अर्थशास्त्र' हा शब्द शुमाखर यांच्या 1973 च्या पुस्तकामुळे जगभर गेला. त्यात गरजा कमी ठेवण्याचे कौतुक आहे. ज्यांच्या गरजा पिढ्यान्‌पिढ्या इतरांनीच कमी करून ठेवल्या, त्यांना हा उपदेश काय कामाचा?

आमच्या शेजारच्या लिंगायतांकडे 'कायक' हा बसवण्णांच्या परंपरेतला सुंदर शब्द आहे. श्रमाला त्याने पूजेची प्रतिष्ठा दिली. पण धंदा जन्माने ठरत असेल, तर श्रमाचा गौरव माणसाला त्याच धंद्याला जखडू शकतो. झाडूच्या गौरवाने भंगीकाम सुटत नाही.

'सम्यक आजीविके'चीही अडचण हीच आहे. हा शब्द निवड गृहीत धरतो. त्या कारागिराने धंदा निवडलाच कधी? बुद्धाच्या वचनांत याचे उत्तर आहे. कूटदन्त सुत्तात राजाने शेतकऱ्याला बी, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे, असे सांगितले आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, पुढे शस्त्र आणि हत्या येते. आधी राज्याची जबाबदारी, मग व्यक्तीचे शील, असा हा क्रम आहे.

या जबाबदारीला बाबासाहेबांनी 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये 'राज्य समाजवाद' हे नाव दिले : मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची. संविधानाच्या 39 व्या अनुच्छेदात उपजीविकेच्या पुरेशा साधनाचा हक्क राज्याच्या धोरणासाठी निर्देशक तत्त्व म्हणून आला; तो न्यायालयातून बजावून घेता येत नाही.

माझे म्हणणे असे की, एका शब्दाने भागणार नाही. 'सम्यक आजीविका' हे ध्येय आणि 'राज्य समाजवाद' ही त्याची अट, असे दोन्ही शब्द जोडीने वापरावेत. पहिलाच वापरला, तर दोष कारागिराच्या माथी जातो. दुसराच वापरला, तर धम्माचे कामच उरत नाही. त्या कारागिराला मी तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर हे : यादीसमोर आधी तुम्हाला नव्हे, तुम्हाला दुसरा मार्ग न देणाऱ्या राज्याला उभे करायला हवे.