‘मी’चा शोध आणि प्रश्नोत्तराचा घाट

देहात बसून देहाकडून कामे करवून घेणारा, इतरांहून वेगळा व स्वतंत्र असा ‘मी’ कोणी नाही, हा विचार भारतीय वाङ्मयात इतक्या वेळा आणि इतक्या परस्परविरोधी संप्रदायांच्या मुखाने आलेला आहे की, तो आता ऐकणाऱ्याच्या कानाला बोचत नाही. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक त्यातील सिद्धान्त तेवढा उचलतात. ज्या संवादातून तो सिद्धान्त पुढे येतो त्या संवादाला वेष्टन समजून बाजूला ठेवतात. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र हे वेष्टन टाकून देता येणार नाही. कोणी तरी विचारतो, कोणी तरी उत्तर देतो, आणि उत्तर देता देता उत्तर देणाराच नाहीसा होतो, अशी ही विलक्षण रचना आहे. संवादाला दोन माणसे लागतात. येथे तर निदान एक माणूस नाही असे ठरवावयाचे आहे. ही अडचण निरनिराळ्या ग्रंथांनी कशी हाताळली आणि शिष्याला जे सापडले ते त्याचे त्याला सापडले की प्रश्न विचारणाऱ्यानेच आधी तेथे ठेवले होते, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

‘मिलिन्दपञ्ह’ या पाली ग्रंथातील रथाचा संवाद सर्वांच्या परिचयाचा आहे. व्ही. ट्रेंकनर यांनी १८८० साली या ग्रंथाची पाली संहिता प्रसिद्ध केली आणि ऱ्हिस डेव्हिड्स यांचे इंग्रजी भाषांतर १८९० व १८९४ मध्ये दोन खंडांत आले. तेव्हापासून ‘अनात्मवाद म्हणजे रथाचा दृष्टान्त’ असे समीकरणच रूढ झाले. राजा मिलिन्द, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील यवन राजा मिनँडर, नागसेनाला नाव विचारतो. नागसेन म्हणतो की, लोक मला नागसेन म्हणतात खरे, पण हे केवळ व्यवहारातले नाव आहे. या नावामागे कोणी पुद्गल सापडत नाही. राजा लगेच पाचशे यवन आणि ऐंशी हजार भिक्षूंना साक्षी ठेवतो आणि नागसेनावर प्रश्नांची झोड उठवतो: केस म्हणजे नागसेन काय? नखे? दात? वेदना? संज्ञा? या सर्वांचा समुच्चय? की यांच्याहून निराळे काही? प्रत्येक प्रश्नाला नकार मिळतो.

येथपर्यंत चौकशी राजाची आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. शरीराचे व मनाचे पृथक्करण नागसेन करीत नाही. त्याला खोटे पाडण्यासाठी राजाच ते करतो. नंतर नागसेन हीच पद्धती उचलतो आणि राजाच्या रथावर चालवतो. आस रथ आहे काय, चाके, दांडी, जू रथ आहे काय, असे तो विचारतो आणि राजाकडून तेच नकार वदवून घेतो. प्रतिपक्षाच्या हातातील शस्त्र घेऊन त्यालाच निःशस्त्र करण्याची ही रीत वादकौशल्य म्हणून उत्तम आहे. राजा शेवटी कबूल करतो की, या अवयवांच्या आश्रयाने ‘रथ’ ही संज्ञा प्रवृत्त होते. नागसेन म्हणतो, माझेही तसेच.

तथापि कौशल्य आणि शोध या दोन वस्तू निराळ्या आहेत. रथावर वळण्यापूर्वी नागसेन राजाला सहज विचारावे तसे विचारतो: तू क्षत्रिय, सुकुमार; भर दुपारी तापलेल्या वाळूतून पायी चाललास तर तुझे पाय दुखतील, शरीर थकेल; मग तू पायी आलास की वाहनाने? ग्रंथकाराने हे वाक्य केवळ रथाचा विषय काढण्यासाठी घातले असावे. परंतु एकदा ते आले की दुखऱ्या पायांचा प्रश्न संवादात शिल्लक राहतो. चाकाला वाळू भाजत नाही. रथ आणि माणूस यांत जो भेद साधा माणूस करील, तो नेमका या वाक्यात आहे, आणि मिलिन्दाने तो हाती घेतलेला नाही. रथातून कोण आले, हेही तो विचारीत नाही. कठोपनिषदात हाच रथ आहे. तेथे शरीर रथ, बुद्धी सारथी आणि आत्मा रथी. नागसेनाचा रथ सोडवून पाहिला जातो तेव्हा रथी आधीच खाली उतरून त्याच्यासमोर उभा आहे व अवयवांची मोजदाद करीत आहे. याचा अर्थ अनात्मवाद चुकीचा आहे असा नव्हे. याच ग्रंथात पुढे रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टान्त आहे. पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत ही एकच नव्हे आणि निराळीही नव्हे, हा विचार रथाच्या दृष्टान्तापेक्षा कितीतरी सूक्ष्म आहे आणि दुखऱ्या पायांनाही तेथे जागा मिळू शकते. पण रथाच्या प्रसंगात राजा लवकर शरण जातो, आणि पाठ्यपुस्तकांत तोच प्रसंग उतरला.

न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की, याच ग्रंथात नागसेन राजाला विचारतो, तू पंडितांसारखा वाद करणार की राजांसारखा? पंडित पराभव मान्य करतो आणि रागावत नाही. राजा आपले म्हणणे अमान्य करणाऱ्याला दंड करतो. चौकशीला काही पूर्वअटी लागतात याची एवढी स्पष्ट जाणीव इतरत्र क्वचितच आढळते. मात्र अट दोन्ही बाजूंना लागू पडावयास हवी. सत्तेचा धाक राजाकडे असतो हे नागसेनाने ओळखले. उत्तर आधीच माहीत असलेल्या माणसाकडेही एक प्रकारची सत्ता असते, याचा त्याने उल्लेख केलेला नाही.

शंकराचार्यांच्या ‘उपदेशसाहस्री’चा गद्यभाग या दृष्टीने अधिक मोकळा आहे. सेंगाकु मायेदा यांनी १९७३ साली या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केल्यापासून त्याचा अभ्यास पुष्कळ सोयीचा झाला आहे. पहिल्या प्रकरणात गुरू शिष्याला विचारतो, तू कोण आहेस? शिष्य सांगतो की, मी अमुक कुळातला ब्राह्मणपुत्र, पूर्वी ब्रह्मचारी किंवा गृहस्थ होतो, आता परिव्राजक झालो असून जन्ममृत्यूच्या सागरातून पार जाऊ इच्छितो. गुरू म्हणतो, मेल्यावर तुझे शरीर येथेच पक्षी खातील किंवा त्याची माती होईल. मग नदीच्या अलीकडच्या तीरावर राख झालेला तू पलीकडच्या तीरावर कसा जाणार? या प्रश्नात थोडा विनोद आहे आणि बरीच निर्दयताही आहे. शिष्याने ‘मी’ म्हणून जे जे सांगितले ते सारे देहाचे होते, हे त्याला न सांगता दाखवून दिले जाते.

परंतु ग्रंथाचे खरे सामर्थ्य दुसऱ्या प्रकरणात आहे, आणि ते शिष्याच्या आक्षेपांत आहे. देहावर आत्म्याचा व आत्म्यावर देहाचा अध्यास होतो, असे गुरू सांगतो. शिष्य विचारतो की, अध्यास ज्ञात वस्तूचा ज्ञात वस्तूवर होतो, आत्मा तर ज्ञातच नाही. शिवाय दोन्ही परस्परांवर अध्यस्त असतील तर दोन्ही मिथ्या ठरतील, आणि मग आपण वैनाशिकांच्या पक्षात जाऊन बसू. म्हणजे नागसेन ज्या टोकाला पोहोचला तेथे आपली चौकशीही जाऊन थांबणार नाही कशावरून, हा प्रश्न ग्रंथाबाहेरच्या प्रतिपक्षाने विचारण्याआधी ग्रंथातल्या शिष्यानेच विचारलेला आहे. पद्धती एक आणि निष्कर्ष दोन, ही या संपूर्ण वाङ्मयातील सर्वांत अवघड गोष्ट होय. केस मी नाही, नखे मी नाही, विचार मी नाही, ही पायरी दोघांची सारखीच. शेवटी बौद्ध म्हणतो की, काही उरले नाही, वेदान्ती म्हणतो की, जे नाकारता येत नाही ते एकच उरले. केवळ चौकशीने निर्णय होत असता तर हा भेद पडता ना. तो पडतो, याचा अर्थ मार्ग दाखवणाऱ्याचे बोट कोठे वळले यावर बरेच अवलंबून असते. डेव्हिड ह्यूमने १७३९ साली कोणाही गुरूवाचून आपल्या आत डोकावून पाहिले, तेव्हा त्याला संवेदनांखेरीज काही दिसले नाही. आणि १७४० च्या पुरवणीत त्याने या विवेचनाविषयी आपले असमाधान नोंदवले. त्याच्याजवळ त्या असमाधानाचे काय करावे हे विचारण्यास दुसरे कोणी नव्हते.

असे दुसरे कोणी इंद्राला होते. छांदोग्याच्या आठव्या अध्यायातील प्रजापती आणि इंद्र-विरोचन यांची कथा ही प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकारातील सर्वश्रेष्ठ रचना होय. बत्तीस वर्षे राहिल्यावर दोघांना पाण्याच्या पात्रात पाहावयास सांगितले जाते. प्रतिबिंब हाच आत्मा, असे समजून दोघेही समाधानाने निघून जातात, आणि प्रजापती त्यांना जाऊ देतो! चुकीच्या उत्तराने तृप्त झालेल्या शिष्याला गुरू अडवीत नाही, यातच या कथेची थोरवी आहे. विरोचन घरी पोहोचतो. इंद्र वाटेतच अडखळतो: देह नटला की हा आत्मा नटतो, तर देह आंधळा झाला की आंधळा होईल, यात मला भोग्य काही दिसत नाही. हातात समिधा घेऊन तो परत येतो. आणखी बत्तीस वर्षे. मग स्वप्नातील आत्मा. पुन्हा शंका: स्वप्नात तो रडतो, त्याचा कोणी पाठलाग करतो. पुन्हा बत्तीस वर्षे. मग गाढ निद्रेतील आत्मा. यावर इंद्राचा आक्षेप असा की, तेथे ‘हा मी’ असे तो स्वतःला जाणतच नाही. जणू विनाशच पावतो. मग आणखी पाच वर्षे. एकूण १०१.

हा तिसरा आक्षेप विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. वेगळा ‘मी’ नाहीसा झाला की दुःख संपते, हे सूत्र इंद्राला मान्य नाही. नाहीसे होणे म्हणजेच सुटणे काय, असे तो विचारतो. ‘उपदेशसाहस्री’तील शिष्य हीच शंका काढतो आणि त्याला उत्तर मिळते की, निद्रेत तू पाहिलेल्या वस्तूंचा निषेध करतोस, पाहण्याचा नव्हे. उत्तर तल्लख आहे, आणि इंद्राने आणखी पाच वर्षे मागितली असती असे वाटण्याइतके ते घाईचेही आहे. येथे १०१ या आकड्याचे महत्त्व कळते. आक्षेप सुचण्यास वेळ लागतो आणि ग्रंथकाराने तो वेळ शिष्याला दिलेला आहे.

आधुनिक काळातील दोन उदाहरणे पाहिली की, घाटाचा प्रश्न निराळ्या अंगाने पुढे येतो. १९०२ च्या सुमारास शिवप्रकाशम् पिळ्ळै यांनी तिरुवण्णामलै येथे रमण महर्षींना काही प्रश्न विचारले. महर्षी तेव्हा बोलत नसत. उत्तरे त्यांनी लिहून दिली. ‘नान् यार्’, म्हणजे ‘मी कोण’, या नावाने ती प्रसिद्ध आहेत. पुढे स्वतः महर्षींनी त्याच मजकुराला निबंधाचे रूप दिले आणि मधले प्रश्न गाळले. निबंध नेटका झाला आहे यात शंका नाही. पण प्रश्नोत्तरात विचारणाऱ्याचा अडखळ दिसत होता, कोठे तो पुढे गेला आणि कोठे तेच पुन्हा विचारू लागला हे कळत होते. निबंधात तो माणूस उरला नाही. सिद्धान्ताशी हे सुसंगत आहे, असे कोणी म्हणू शकेल. वाचकाचा मात्र तोटा झाला.

दुसरे उदाहरण मराठीचे असूनही मराठी विभागांच्या कक्षेत फारसे येत नाही. मुंबईच्या खेतवाडीत राहणारे, विडीच्या दुकानावर चरितार्थ चालवलेले निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) आपल्याकडे येणाऱ्यांशी मराठीत बोलत. त्या बोलण्याच्या ध्वनिमुद्रणांवरून मॉरिस फ्रीडमन यांनी इंग्रजी केले आणि ‘आय अ‍ॅम दॅट’ हे पुस्तक १९७३ साली मुंबईहून निघाले. जग ते बोलणे इंग्रजीतून ओळखते. ‘मी आहे’ एवढ्या जाणिवेपाशी थांब, अमुक आहे, तमुक आहे हे त्याला जोडू नकोस, हा त्यातील मुख्य उपदेश. आता इंग्रजीत ‘अ‍ॅम’ हे क्रियापद ‘आय’शिवाय कोणाचेही होऊ शकत नाही; असण्याच्या शब्दातच ‘मी’ शिवलेला आहे. मराठीत मी आहे, तो आहे, झाड आहे. ‘आहे’ सर्वांचे एकच. कर्ता गाळून नुसते ‘आहे’ म्हटले तरी वाक्य पुरे होते. म्हणजे जो प्रवास इंग्रजी वाचकाला विचाराने करावा लागतो, तो मराठी श्रोत्याला व्याकरणाने निम्मा करून दिलेला असतो. (पूर्वीच्या लेखनात ‘मी आहें’ असा अनुस्वार देत, मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी तो गेला. ‘मी’ आणि ‘तो’ यांच्या असण्यात कागदावर जो एका टिंबाचा भेद होता, तोही त्याबरोबर गेला.) हे संवाद मूळ मराठी बोलण्यावरून, दुभाष्याच्या मध्यस्थीसह, संपादित झाले पाहिजेत. तोपर्यंत त्यांतील तत्त्वज्ञानाविषयी केलेले कोणतेही विधान भाषांतराविषयीचे विधान ठरण्याचा धोका आहे.

मराठीत याहून कितीतरी जुना आणि घाटाच्या दृष्टीने सर्वांत धाडसी प्रयोग ‘चांगदेव पासष्टी’चा आहे. परंपरा सांगते की, चांगदेवाने ज्ञानदेवांना कोरा कागद पाठवला, कारण मायना काय लिहावा हेच त्याला ठरवता येईना. पासष्ट ओव्या हे त्या कोऱ्या कागदाचे उत्तर. येथे शिष्याने प्रश्नच विचारलेला नाही. त्यामुळे त्याच्याकडून होकार वदवून घेण्याचा प्रसंगही नाही. समोरासमोर धरलेले दोन आरसे, पाण्याचा ठाव घेण्यास निघालेले मीठ, असे दृष्टान्त येतात. आणि त्या प्रत्येकात पाहणारा व पाहिले जाणारे यांतील अंतर नाहीसे होते. नागसेनाच्या रथाप्रमाणे हे दृष्टान्त वस्तू सुटी करून दाखवीत नाहीत. आरसे दोन आहेत, ते समोर धरले एवढेच घडते, आणि कोणात कोण उमटले हे सांगता येत नाही.

पण या काव्यातील सर्वांत मार्मिक जागा दृष्टान्तांत नाही. भेटीची ओढ आहे असे ज्ञानदेव म्हणतात आणि लगेच भीतीही व्यक्त करतात की, जी भेट मुळातच झालेली आहे ती प्रत्यक्ष भेटीने विसकटून जाईल. तुझा-माझा भेद नाही हे ज्याने जाणले, त्याला पुन्हा भेटावेसे का वाटावे? टीकाकाराने येथे अद्वैत आणि भक्ती यांचा समन्वय म्हणून विषय संपवू नये. ओढ खरी आहे आणि भीतीही खरी आहे. ओवीत दोन्ही शेजारी ठेवलेल्या आहेत आणि त्यांतील एकीनेही दुसरीला गिळलेले नाही. वटेश्वराचा पुत्र म्हणून, ‘चांगया’ म्हणून हाक मारून हे सारे सांगितले आहे.