नवागतांच्या स्मरणिका : एक परीक्षण

पिंपरी-चिंचवड परिसरांतील गृहरचना संस्था, कामगारांच्या पतपेढ्या व परजिल्ह्यांतून आलेल्या लोकांचीं मंडळें यांनीं रौप्यमहोत्सवादि प्रसंगीं काढलेल्या स्मरणिका आम्ही कांहीं वर्षें जमवीत आहों. बहुतेक रद्दीच्या दुकानांतून मिळाल्या. पोथ्यांच्या संग्राहकांस हें वेड वाटेल. परंतु ज्या नगरीची वस्ती इ. स. २००१ च्या खानेसुमारींत १० लाखांवर व २०११ च्या खानेसुमारींत १७ लाखांवर गेली, तेथें बाहेरून येऊन बिऱ्हाड मांडणारानें स्वहस्तें लिहिलेला वृत्तांत अन्यत्र फारसा सांपडत नाहीं. तेव्हां साधन म्हणून त्यांचें मोल काय, हें पाहणें अवश्य आहे.

बिऱ्हाडाविषयीं हे लेखक विश्वसनीय आहेत. पहिली खोली कोणाच्या ओळखीनें मिळाली, अनामत किती मागितली, तीन पाळ्यांचे कामगार एकाच खोलींत आळीपाळीनें कसे निजत, शिधापत्रिकेवर नांव चढण्यास किती खेपा पडल्या, हें लिहितांना हात कोठेंहि अडत नाहीं, व एकाचें म्हणणें दुसऱ्याशीं जुळतें. इ. स. १९५४ त पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, पुढें टेल्को व बजाज आले, हेंहि ते नीट सांगतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची पिंपरीची छावणी त्याहून आधींची. तिचा उल्लेख मात्र विरळा.

दोष आहे तो पहिल्याच पानावर. आम्ही आलों तेव्हां येथें कांहीं नव्हतें, नुसता माळ होता, अशा अर्थाचें विधान बहुतेक प्रत्येक स्मरणिकेंत आहे. कौटिल्यानें जनपदनिवेशाच्या प्रकरणांत पूर्वीं वसलेली ती भूतपूर्व व कधींच न वसलेली ती अभूतपूर्व, असा भूमीचा भेद केला आहे. आमचे स्मरणिकाकार सरसकट अभूतपूर्व पक्ष घेतात. इ. स. १९७० त जी नगरपालिका झाली ती पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी हीं गांवें एकत्र करून. माळावर चार गांवें वसत नाहींत. चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधिमंदिराचा लेख शके १५८०, विलंबी संवत्सराचा आहे, व शक-संवत्सरांचा मेळ गणितानें बरोबर बसतो. मोरया गोसावी हेहि मोरगांवाहून येथें आलेले, म्हणजे नवागतच!

जुन्या दप्तरांत बाहेरून येऊन जमीन कसणारास उपरी म्हणत. हा शब्द आज शिवी झाला आहे; त्या कागदांत तो केवळ धारणेचा एक प्रकार आहे, व मिरासदार हा दुसरा. पडीत जमीन वाहितीस यावी म्हणून कौल देत व इस्ताव्यानें सारा वर्षावर्षास चढत जाई. विशेष हें कीं, ज्या घराण्याचा वंश खुंटला त्याच्या जमिनीसहि गतकुळी म्हणत. जमीन खरोखर रिकामी पडली तरी पूर्वींच्या कुळाचें स्मरण तिच्या नांवांत राही.

आजच्या नवागतापाशींहि असा कागद आहे. सदनिकेच्या खरेदीखतांत सर्व्हे नंबर असतो. त्यावरून फेरफाराच्या नोंदी काढाव्या, म्हणजे जमीन कोणाची होती व कधीं गेली हें कळतें. नवनगर विकास प्राधिकरण १९७२ त स्थापन झालें व २०२१ त विसर्जित झालें. मूळ जमीनमालकांच्या साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न तेवढ्यानें मिटला नाहीं. खरेदीखत कपाटांत ठेवून बाहेर माळाची कथा छापणें हा संशोधनदृष्ट्या प्रमाद होय. तो आमच्या हातूनहि घडला आहे. सेवानिवृत्तीनंतर मुलाच्या बिऱ्हाडीं येथें आलों तेव्हां वडील बंधूंस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत हेंच वाक्य आम्हीं लिहिलें होतें.

नवागताची कैफियत एकपक्षी असते म्हणून ती टाकून द्यावी, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. आज मोटारींच्या कारखान्यांमुळें गाजणाऱ्या चाकणास पंधराव्या शतकाच्या मध्यास बहामनी दरबारच्या दक्षिणी सरदारांनीं आफाकी, म्हणजे परदेशांतून आलेल्या, लोकांस अभय देऊन बाहेर काढिलें व त्यांची कत्तल केली. ही हकीकत फिरिश्त्यानें विस्तारानें दिली आहे. फिरिश्ता स्वतः अस्तराबादेहून दक्षिणेंत आलेला. त्याची सहानुभूति कोठें आहे हें सांगावयास नको. तथापि त्याला वगळून तो प्रसंग कोणास लिहितां येईल? त्याच्यासमोर दुसरा पक्ष ठेवावा लागतो, एवढेंच.

प्रस्तुत विषयांत तो दुसरा पक्ष आम्हांस थेरगांवच्या एका घरीं पाहावयास मिळाला. भाड्याची वही होती. पुढच्या पानांवर ऊंस व कांदा यांचे हिशेब; मग दोन पानें कोरीं; आणि तेथून खोल्यांचें भाडें. भाडेकरूंचीं नांवें नाहींत. ‘लातूरवाला’, ‘जळगांवकर’, ‘सोलापूरची बाई’ असें लिहून पुढें रक्कम व महिना, व एका ठिकाणीं ‘नोकरी गेली, दोन महिने सोडले’ अशी नोंद. हीं दोन महिन्यांची सूट आमच्या संग्रहांतील एकाहि स्मरणिकेंत नाहीं. आम्हीं अकरा पानें उतरून घेतलीं. पुढील खेपेस गेलों तों जुनें घर पाडण्यास आरंभ झाला होता व वही कोणत्या पेटींत बांधली हें घरांतल्यांस आठवेना. उतरून घेतलेलीं पानें मंडळाच्या दप्तरांत ठेवण्यास दिलीं आहेत.