त्रेपन्नांचे गणित : गोंदिया जिल्हा परिषदेतील तीन अध्यक्षनिवडी

दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. गावोगावी दंडार होते, रात्री नाटक लागते आणि आठवडाभर आधीपासून नाटकाची पत्रके वाटली जातात. त्या पत्रकावर नाटकाचे आणि नटांचे नाव असते, पण अर्धा कागद उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक आणि प्रमुख अतिथी यांच्या नावांनी भरलेला असतो. ती यादी नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. एकमेकांविरुद्ध निवडणूक लढवलेली माणसे तिथे शेजारी शेजारी छापलेली असतात आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही.

गोंदिया जिल्हा परिषदेच्या राजकारणावर गेल्या दहा वर्षांत जे लिहिले-बोलले गेले, त्यात ‘अभद्र युती’ आणि ‘अनैसर्गिक युती’ हे दोन शब्द सतत येतात. या लेखात दोन निवडणुका आणि त्यांतून झालेल्या तीन अध्यक्षनिवडी तपासून या शब्दांचीच परीक्षा करायची आहे. युती अनैसर्गिक आहे असे म्हणताना ‘नैसर्गिक’ काय, हे आपण आधीच ठरवलेले असते. आणि ते ठरते मुंबईत. गोंदियाच्या सभागृहातून पाहिले, तर यातली प्रत्येक युती अगदी स्वाभाविक दिसते. माझ्या मते खरी चिंता करायची ती याचीच.

१. जिल्हा आणि पक्ष

भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली १० जून १९९९ रोजी. दोन्ही घटनांत चाळीस दिवसांचे अंतर आहे. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल शरद पवारांबरोबर नव्या पक्षात गेले आणि जिल्ह्यातली काँग्रेस दोन घरांत वाटली गेली. म्हणजे एकसंध काँग्रेस या जिल्ह्याने जिल्हा म्हणून जवळपास पाहिलेलीच नाही.

याचा परिणाम साधा आणि दूरगामी आहे. मुंबईत काँग्रेस आणि राष्ट्रवादी (इकडच्या वर्तमानपत्रांच्या भाषेत ‘राकाँ’) हे मित्रपक्ष होते. १९९९ ते २०१४ अशी सलग पंधरा वर्षे त्यांनी राज्यात सत्ता वाटून घेतली. पण गावपातळीवर एकाच घराण्याचा, एकाच सोसायटीचा, एकाच धान खरेदी केंद्राभोवतीचा कार्यकर्ता आणि मतदार दोघांनाही हवा होता. वाटा जिथे एकाच ताटातला असतो, तिथे भाऊबंदकी शेजाऱ्याच्या भांडणापेक्षा कडू होते. भाजप हा समोरचा पक्ष होता. राकाँ हा काँग्रेसचा आणि काँग्रेस हा राकाँचा भाऊबंद होता.

त्यात माणसांची ये-जा. नाना पटोले काँग्रेसचे आमदार होते. पक्ष सोडून ते भाजपमध्ये गेले आणि २०१४ मध्ये भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात त्यांनी प्रफुल्ल पटेलांचा पराभव केला. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला, पुन्हा काँग्रेसमध्ये आले आणि २०२१ मध्ये प्रदेशाध्यक्ष झाले. गोंदियाचे आमदार गोपालदास अग्रवाल २०१९ मध्ये काँग्रेसमधून भाजपमध्ये गेले आणि २०२४ च्या निवडणुकीआधी परत आले. भाजपचे बंडखोर विनोद अग्रवाल २०१९ मध्ये अपक्ष म्हणून जिंकले, त्यांची स्वतःची ‘चाबी’ संघटना उभी राहिली आणि २०२४ मध्ये ते भाजपचे आमदार झाले. नेता बदलला की त्याच्यामागचे गावागावांतले गट बदलतात. पाटी बदलते, दुकान तेच राहते.

२. २०१५ : सोळा जागांचे अध्यक्षपद

जिल्हा परिषदेत ५३ जागा. बहुमताला २७ हव्यात. २०१५ च्या निवडणुकीत राकाँला २०, भाजपला १७ आणि काँग्रेसला १६ जागा मिळाल्या. काँग्रेस आणि राकाँ एकत्र आले असते तर ३६ चे भक्कम बहुमत झाले असते. झाले वेगळेच. सर्वांत कमी जागा मिळालेल्या काँग्रेसच्या उषा मेंढे भाजपच्या पाठिंब्याने अध्यक्ष झाल्या आणि सर्वांत मोठा पक्ष विरोधात बसला.

इथे क्षणभर भावना बाजूला ठेवून बेरीज करू. २० आणि १७ मिळून ३७. २० आणि १६ मिळून ३६. १७ आणि १६ मिळून ३३. कोणतेही दोन पक्ष एकत्र आले की सत्ता होते आणि एकट्या कुणाचीच होत नाही. म्हणजे मतदाराने २०, १७ आणि १६ असा जो फरक केला, तो सभागृहाच्या दारातच पुसला गेला. आत तिघांची किंमत सारखीच होती. अशा वेळी सौदा होतो तो जागांवर नव्हे, गरजेवर. राकाँला बाहेर ठेवण्याची गरज काँग्रेसलाही होती आणि भाजपलाही.

या युतीवर राज्यभर टीका झाली. पण टीकाकार एक तारीख विसरत होते. त्याच वर्षी मार्चमध्ये विधान परिषदेचे सभापती असलेले काँग्रेसचे शिवाजीराव देशमुख यांना अविश्वास ठरावाने पदावरून दूर केले गेले. ठराव राकाँचा होता आणि त्याला साथ भाजपची. त्याआधी ऑक्टोबर २०१४ मध्ये राकाँने भाजपच्या सरकारला बाहेरून पाठिंबा देऊ केला होता. मुंबईने जे वरच्या सभागृहात केले, तेच चार महिन्यांनी गोंदियाने आपल्या सभागृहात पक्ष बदलून केले. मग मुंबईतले ते राजकारण आणि गोंदियातले तेवढे अभद्र, हे कसे?

३. २०१८ : जानेवारी आणि मे

जिल्हा परिषद अध्यक्षाची मुदत अडीच वर्षांची. त्यामुळे जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा निवड झाली. दरम्यान पटोलेंनी भाजप सोडला होता, मोदी सरकारवर उघड टीका केली होती. काँग्रेस आणि भाजप यांच्यातले वैर जिल्ह्यात तरी टोकाला गेले असे वरून दिसत होते. सभागृहात मात्र जुनीच युती टिकली आणि काँग्रेसच्या सीमा मडावी अध्यक्ष झाल्या.

चार महिन्यांनी, मे २०१८ मध्ये, पटोलेंच्या राजीनाम्यामुळे रिकाम्या झालेल्या लोकसभेच्या जागेसाठी पोटनिवडणूक झाली. काँग्रेसने राकाँला पाठिंबा दिला आणि राकाँचे मधुकर कुकडे भाजपचा पराभव करून निवडून आले.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. जानेवारीत भाजपसोबत राकाँविरुद्ध, मे महिन्यात राकाँसोबत भाजपविरुद्ध. कार्यकर्ते तेच, गावे तीच, प्रचाराच्या गाड्याही बहुधा त्याच. लोकसभेचा मतदार एका बाजूने उभा राहिला तेव्हा त्याच्या गावच्या शाळेची आणि तलावाची सत्ता दुसऱ्या बाजूची होती. दोन पातळ्यांवर दोन राजकारणे असू शकतात, हे मान्य. पण मग दोन्हीकडे तेच चिन्ह, तोच झेंडा आणि तोच जाहीरनामा का, हा प्रश्न उरतोच.

४. २०२२ : सत्तावीस हवे असताना चाळीस

या परिषदेची मुदत जुलै २०२० मध्ये संपली. कोरोना आणि पाठोपाठ इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन प्रश्न यांमुळे निवडणूक लांबली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे मतदानही दोन टप्प्यांत झाले : २१ डिसेंबर २०२१ आणि, राखीव जागा खुल्या करून, १८ जानेवारी २०२२. मतमोजणी दुसऱ्या दिवशी झाली. भाजप २६, काँग्रेस १३, राकाँ ८, चाबी ४ आणि अपक्ष २. अध्यक्षाची निवड मात्र १० मे रोजी झाली. निकाल लागूनही जवळजवळ चार महिने जिल्ह्याला निवडून दिलेला कारभारी नव्हता.

आता पुन्हा बेरीज. भाजपला एकच मत कमी होते. ते कुणीही देऊ शकत होते. उलट बाजूने सगळे एकत्र आले, १३, ८, ४ आणि २, तर बरोबर २७ होत होते. एकही माणूस गळून चालला नसता. म्हणजे सत्तेच्या बाजारात एका अपक्षाचे वजन आणि काँग्रेसच्या तेरा सदस्यांचे वजन सारखेच होते. तेरा क्षेत्रांतल्या मतदारांनी हे वाचले तर त्यांना काय वाटेल?

प्रत्यक्षात भाजपचे पंकज रहांगडाले ४० विरुद्ध १३ मतांनी अध्यक्ष झाले. राकाँने भाजपला साथ दिली आणि उपाध्यक्षपद राकाँचे यशवंत गणवीर यांना मिळाले. राज्यात त्या वेळी महाविकास आघाडीचे सरकार होते आणि काँग्रेस-राकाँ त्यात भागीदार होते. पटोलेंनी मित्रपक्षावर विश्वासघाताचा आरोप केला. पण शेजारच्या भंडारा जिल्हा परिषदेत त्याच दिवशी काँग्रेसने राकाँला बाजूला ठेवून भाजपमधल्या फुटीर गटाच्या मदतीने अध्यक्षपद मिळवले होते. आरोप दोन्ही बाजूंनी खरे होते, म्हणून कुणाच्याच तोंडी शोभत नव्हते.

चौदा महिन्यांनी, जुलै २०२३ मध्ये, अजित पवार आणि प्रफुल्ल पटेल भाजपसोबत राज्याच्या सत्तेत गेले. तेव्हा ‘गोंदियाने आधीच दाखवून दिले होते’ असे म्हणण्याची पद्धत पडली. हे वाचन आकर्षक आहे, पण टिकत नाही. गोंदिया भाकीत सांगत असता तर २०१५ ची काँग्रेस-भाजप युतीही राज्यात अवतरायला हवी होती. गोंदियाने भविष्य सांगितले नाही. त्याने फक्त आपला जुना नियम पाळला : काँग्रेस आणि राकाँ यांपैकी एकाने दुसऱ्याला सत्तेबाहेर ठेवायचे आणि त्यासाठी भाजपचा हात धरायचा. तीन निवडींत हात धरणारा बदलला, धरलेला हात तोच राहिला. आणि या नियमाचा लाभ शेवटी कुणाला झाला, हे १७ पासून २६ पर्यंतच्या आकड्यांत दिसते. नियम तेवढ्यापुरताच कारणीभूत होता असे नाही, पण दोन भावांनी आळीपाळीने दिलेला मान वाया गेला नाही एवढे खरे.

५. बाहेर बसणे परवडत का नाही?

सत्तावीस पुरेसे असताना चाळीस का? याचे उत्तर नेत्यांच्या स्वभावात शोधण्याआधी संस्थेच्या रचनेत शोधावे. १९६१ च्या कायद्याने उभी राहिलेली जिल्हा परिषद विधानसभेसारखी नाही. तिथे मंत्रिमंडळ आणि समोर विरोधी पक्ष अशी मांडणी नाही. कारभार स्थायी समिती आणि शिक्षण, आरोग्य, बांधकाम, कृषी, समाजकल्याण, महिला व बालकल्याण अशा विषय समित्यांतून चालतो. सभापतिपदे मोजकी असतात आणि ती बहुमत वाटून घेते. विरोधी बाकावरच्या सदस्याला राज्यात उद्या आपले सरकार येईल अशी आशा धरता येते. जिल्हा परिषदेतल्या सदस्याला मात्र आजच्या वर्षी आपल्या क्षेत्रातला रस्ता, शाळेची खोली, प्राथमिक आरोग्य केंद्राची दुरुस्ती मंजूर करून न्यायची असते.

गोंदियात यात मामा तलावांची भर पडते. धानाचा हा मुलूख जुन्या मालगुजारी तलावांवर उभा आहे आणि त्यांतल्या लहान तलावांची देखभाल जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे आहे. पार फुटली, गाळ भरला, नहर बुजला, तर रोवणीच्या वेळी शेतकरी सदस्याचे दार ठोठावतो. कोणत्या पक्षाचा, हे विचारत नाही. परिषदेचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे; पैसा वरून येतो आणि वरच्यांशी नाते असलेल्याकडे आधी वळतो. अशा रचनेत विरोधात बसणे म्हणजे तत्त्व पाळणे नव्हे, क्षेत्राला उपाशी ठेवणे, असे सदस्याला वाटले तर त्याला सरसकट लबाड म्हणता येत नाही.

म्हणूनच एक प्रतिवाद गंभीरपणे घ्यायला हवा : तलावाला कसला आलाय पक्ष? जयप्रकाश नारायण पंचायती पक्षविरहित असाव्यात असे म्हणत. उलट १९७८ च्या अशोक मेहता समितीने पक्षांनी उघडपणे उतरावे अशी शिफारस केली. महाराष्ट्राने दोन्ही ठेवले : ग्रामपंचायत चिन्हाविना, जिल्हा परिषद पक्षचिन्हावर. गोंदियाचा अनुभव असा की जिल्हा परिषदेत आपण दोन्हींतले वाईट तेवढे उचलले आहे. मत मागताना पक्ष. तिकीट देताना पक्ष. पक्षादेश मोडला तर १९८६ च्या पक्षांतरविरोधी कायद्याने सदस्यत्व जाते, तिथेही पक्ष. फक्त सत्ता वाटताना पक्ष नाही. कायद्याने सदस्याला पक्षाशी बांधले आहे, पण पक्षाला मतदाराशी बांधणारे काहीच नाही. सदस्याने नेत्याला फसवले तर शिक्षा. नेत्याने मतदाराला फसवले तर ती व्यूहरचना.

६. शब्द बदलायला हवा

मराठी राजकीय कादंबरीने मंत्रालयाचे दालन पाहिले. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ने ते आपल्याला दाखवले. ग्रामीण कथेने सरपंचाची ओसरी पाहिली. या दोहोंच्या मधले ‘मिनी मंत्रालय’ मात्र साहित्याने फारसे पाहिले नाही. त्यामुळे त्याच्याविषयी बोलताना आपल्याकडे मुंबईचे शब्द आहेत आणि त्यांत गोंदिया बसत नाही.

‘अभद्र’ हा शब्द नेत्यांना सोयीचा आहे. तो उच्चारला की दोष नीतीचा ठरतो, आणि नीतीचा दोष पुढच्या भाषणात धुऊन निघतो. दोष रचनेचा मानला तर उपाय सांगावे लागतात : निकालानंतर कोणाशी जाणार नाही हे निवडणुकीआधी जाहीर करणे, सभापतिपदे आणि निधी सदस्यसंख्येच्या प्रमाणात वाटणे, विरोधात बसलेल्याच्या क्षेत्रालाही तलावदुरुस्तीचा वाटा मिळेल अशी तजवीज करणे. यांतला दुसरा आणि तिसरा उपाय झाला, तर बाहेर बसणे परवडेल. आणि बाहेर बसणे परवडले तरच प्रश्न विचारणारा कुणी सभागृहात उरेल.

सध्याच्या परिषदेची पाच वर्षे मे २०२७ मध्ये पुरी होतील. मग पुन्हा प्रचाराच्या गाड्या फिरतील, चिन्हे भिंतींवर चढतील. मंडईच्या पत्रकावर सगळ्या पक्षांची नावे शेजारी छापली जातात, यात वाईट काही नाही; तो गावाचा शेजारधर्म आहे. नाटक पाहायला आलेल्याला उद्घाटक कोण आणि नट कोण हे कळते. जिल्हा परिषदेच्या मतदाराला निदान तेवढे तरी आधी कळायला हवे.