मतदान केंद्रातले मास्तर आणि वर्गातले

नागरिकशास्त्र म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करावयाचा विषय, अशी आमच्या पिढीची शाळेपासूनची समजूत. राज्यपालाची पात्रता, राज्यसभेची सदस्यसंख्या, मूलभूत कर्तव्ये. एवढे घोकले की झालो आपण नागरिक! एन.सी.ई.आर.टी.ने २००६ साली काढलेले नववीचे ‘लोकतांत्रिक राजनीति’ हे पुस्तक या समजुतीला धक्का देते. पुण्याचे सुहास पळशीकर व योगेंद्र यादव हे या पुस्तकमालेचे प्रमुख सल्लागार होते.

त्यातील शासनसंस्थांचे प्रकरण व्याख्येने सुरू होत नाही. ते सुरू होते १३ ऑगस्ट १९९० च्या एका सरकारी ज्ञापनाने. मंडल आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राच्या नोकऱ्यांत २७ टक्के जागा राखून ठेवणारा तो आदेश. निर्णय कोणी घेतला, सही कोणी केली, वाद पेटल्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली काय ठरविले, या वाटेने विद्यार्थी मंत्रिमंडळ, नोकरशाही आणि न्यायालय यांच्या दारापर्यंत पोहोचतो. आयुष्य कागद चाळण्यात घालविणाऱ्या माझ्यासारख्या वकिलाला ही रीत मनापासून पटली. राज्यकारभार कळतो तो कागदाच्या प्रवासावरून.

तथापि पुस्तकाने एका माणसाला पुरेसे ओळखले नाही, आणि तो म्हणजे शिक्षक. आमच्या बालाघाटचेच घ्या. १७ नोव्हेंबर २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत लांजी, परसवाडा आणि बैहर येथील मतदान नक्षली धोक्यामुळे दुपारी तीनलाच संपले. जिल्ह्यातील इतर तीन मतदारसंघांत ते सहापर्यंत चालले. केंद्रावर कामास असतात ती बहुधा मास्तरमंडळीच. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शिक्षकांची पुष्कळ बाहेरची कामे बंद केली, निवडणुकीचे मात्र ठेवले. यंत्राची चाचणी, बोटाची शाई, प्रतिनिधींच्या हाती द्यावयाचा मतांचा हिशेब, हे सारे त्यांनी स्वतः केलेले असते. सोमवारी वर्गात तेच गुरुजी ‘निवडणूक आयोगाची कार्ये’ फळ्यावर लिहून देतात. एकाच जिल्ह्यात तीन तासांचा फरक का, हा प्रश्न वर्गात निघत नाही. निघालाच तर ‘राजकारण नको’ म्हणून मिटविला जातो.

ही भीती कायद्यातून आलेली नाही. मध्य प्रदेशाचे १९६५ चे वर्तणूक नियम सरकारी नोकराला पक्षकार्य आणि प्रचार यांपासून दूर ठेवतात. मतदानाची वेळ कोणत्या आदेशाने ठरली हे मुलांना समजावून सांगणे म्हणजे प्रचार नव्हे. एवढा खुलासा शिक्षकासाठी एका पानात करता आला असता. पुस्तकाने मुलांना प्रश्न विचारावयास शिकविले. उत्तर देणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे राहील, हे सांगितले नाही.

पुढे तर मूळ मजकुरालाच कात्री लागली. २०२२ मध्ये दहावीच्या भागातून जनआंदोलनांचे प्रकरण गेले. नेपाळातील लोकशाहीचा लढा आणि बोलिव्हियातील पाण्याचा लढा त्याबरोबर गेले. ‘लोकशाहीपुढील आव्हाने’ हेही प्रकरण वगळले. २०२३ मध्ये दोन्ही सल्लागारांनी आपली नावे काढण्याची विनंती केली. मुलांवरचा भार हलका करावयाचा होता असे कारण सांगितले गेले. भार हलका करावयाचा तर पाठांतराचा करावयाचा होता. आधीच बिचकणाऱ्या गुरुजींनी या कात्रीचा अर्थ काय घेतला असेल, हे त्यांच्या फळ्यावर आजही वाचता येते.