हसू फुकट, तिकीट मागाहून

मंडळी, 'भाडिपा'चं 'कास्टिंग काऊच विथ अमेय अँड निपुण' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. २०१६ साली आलं. पहिली पाहुणी राधिका आपटे. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी असा काही बावळटपणाचा आव आणतात, की प्रसिद्धीच्या गुळगुळीत मुलाखतींचीच टर उडते. नातवानं मला फोनवर दाखवलं, मी शेजाऱ्यांना धाडलं. म्हणजे जाहिरातीचा हमाल मीही झालोच, तोही बिनपगारी!

आता कांट. १७९० च्या ग्रंथात तो सांगतो, की ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरली की हसू येतं. शून्यात, बरं का. जाहिरातीच्या विनोदात मात्र शेवटी शून्य नसतं, प्रदर्शनाची तारीख असते. हसू ओसरायच्या आत हात खिशाकडे.

तमाशातली बतावणीही पोटासाठीच होती. पण तिथं विनोद हाच माल. इथं तो नुसता नमुना. बाजारात द्राक्षवाला चाखायला मणी देतो, तो त्याच घडातला असतो. हा दोन मिनिटांचा व्हिडिओ सिनेमाच्या घडातला असतोच असं नाही. सिनेमा रडका निघाला, तर दाद कुणाकडे मागायची?

'कास्टिंग काऊच'मधून जाहिरात वजा केली तरी विनोद उरतो, म्हणून ते मला मान्य. पण कित्येक व्हिडिओंत कुणी 'काऊन बे' म्हटलं, की आपण हसायचं, एवढंच. अहो, शिरपुरात आपण रोज 'काऊन' म्हणतो. त्यात विनोद कुठे आहे, तेवढं मला कुणीतरी दाखवा.