तारीख, कार्यक्रम, संपर्क, मुक्काम

जपानच्या पर्यटक व्हिसासाठी एक तक्ता भरून द्यावा लागतो. चार रकाने: तारीख, कार्यक्रम, संपर्क, मुक्काम. उतरणार त्या दिवसापासून निघणार त्या दिवसापर्यंत रोजची एक ओळ. मी आयुष्यात लिहिलेलं पहिलं प्रवासवर्णन हेच, आणि ते प्रवासाच्या आधीच लिहून झालं.

गेल्या दिवाळीत पुण्याहून घरी, तुमसरला आलो, तेव्हा डोक्यात हा तक्ता होता. ऑफिसच्या पाच सुट्ट्या, पुढेमागे दोन शनिवार-रविवार, म्हणजे नऊ दिवस. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून टोकियो आणि परत, यात जाणारा वेळ वजा केला की हातात सहा दिवस उरतात. टोकियो आणि क्योटो. सोबत बाबा. ते चाळीस वर्षं इथल्या एका राइस मिलमध्ये मुनीम होते आणि अजून विमानात बसलेले नाहीत. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे आधी एक्सेलची शीट उघडली. आणि मराठी घरातला मुलगा, त्यामुळे त्यानंतर बाबांनी कपाटातून ‘पूर्वरंग’ काढून हातात दिलं.

‘अपूर्वाई’ १९६०चं, ‘पूर्वरंग’ १९६३चं. पहिल्यात पु. ल. विलायतेला जातात, दुसऱ्यात पूर्वेकडे. दोन्ही मी शाळेत असताना वाचली होती, म्हणजे हसत हसत पानं उलटली होती. या वेळी हातात पेन घेऊन वाचली, कारण मला माहिती हवी होती. अशा वाचनात पुस्तकावर अन्याय होतो हे मान्य. पण पुस्तकात काय नाही ते अशाच वाचनात दिसतं.

‘पूर्वरंग’मधला जपान बघणारा माणूस नाटकवाला आहे, गाण्याचा कान असलेला आहे. माणसं वाकून नमस्कार कशी करतात, साध्या वस्तूत सौंदर्य कसं शोधतात, हे त्याला लगेच दिसतं आणि तो ते आपल्या भाषेत, आपल्या चेष्टेच्या सुरात सांगतो. साठ वर्षांनंतरही ते ताजं वाटतं. पण एक गंमत आहे. हे पुस्तक आलं १९६३ साली. टोकियो ते ओसाका ही पहिली शिनकानसेन, म्हणजे आपण जिला बुलेट ट्रेन म्हणतो ती, सुरू झाली १ ऑक्टोबर १९६४ला. मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांनी ज्या जपानवर प्रेम केलं, त्या जपानात बुलेट ट्रेन धावतच नव्हती. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते काही वेळ पुस्तकाच्या मुखपृष्ठाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मंग आपुन पु. लं.च्या पुढं जाऊन राह्यलो ना गा.”

माझी तक्रार बुलेट ट्रेनची नाही. तक्रार अशी आहे की मराठी प्रवासवर्णनातला लेखक बहुतेक वेळा बोटीवर किंवा विमानात आधीच चढलेला असतो. निघण्याआधीचा भाग आलाच तर धांदल म्हणून, विनोदाच्या कामाला येतो. ‘अपूर्वाई’ची सुरुवात आठवा. सल्ले देणाऱ्यांची झुंबड, तयारीचा गोंधळ, सगळं धमाल आहे. पण पैसा किती, तो कोणाचा, सुट्टी कशी मिळाली, मागे घरी कोण राहिलं, कागद कोणी जमवले, हे साहित्याच्या उंबऱ्याबाहेर थांबतं. चपला बाहेर काढून ठेवाव्यात तसं.

आणि ही कामं कोणीतरी करतच असणार. लंडनच्या मुक्कामात सोबत सुनीताबाई होत्या. त्यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९०ला आलं. ते वाचलेल्याला माहीत आहे की त्या घरातला व्यवहार, हिशेब, करार, वेळापत्रक याचा भार बराचसा त्यांच्यावर होता. ती दोन पुस्तकं एकापाठोपाठ एक वाचली की प्रवासवर्णनाचा दुसरा लेखक दिसायला लागतो. त्याचं नाव मुखपृष्ठावर नाही. मला वाटतं, आपल्याकडे नियोजन हा वाङ्मयीन विषय झाला नाही याचं एक कारण हेही असावं की ते घरातल्या बाईचं काम मानलं गेलं. आमच्याही घरात पंढरपूरला जाताना डबे, औषधं, सुटे पैसे आणि परतीच्या गाडीची वेळ आईच्याच डोक्यात असायची. बाबा फक्त चढायचे.

पण मराठीत हे कायमच असं होतं का? नाही, आणि माझं आश्चर्य इथून सुरू होतं.

विष्णुभट गोडसे १८५७ साली कोकणातल्या वरसईहून उत्तरेकडे निघाले. ‘माझा प्रवास’ त्यांनी बऱ्याच वर्षांनी लिहिलं आणि ते छापलं गेलं १९०७ला. आपण ते वाचतो झाशीच्या राणीसाठी, तोफांसाठी, शहर लुटलं गेलं त्या दिवसांसाठी. मी या खेपेला सुरुवातीची पानं वाचली. भटजी बंड बघायला निघालेच नव्हते. घरावर कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी आली होती, तिथे दक्षिणा मिळेल हा हिशेब होता. आईवडिलांची परवानगी काढायची होती. एकट्याला पाठवायला घर तयार नव्हतं, म्हणून सोबतीला काका. उत्पन्नाचा अंदाज, सोबत, घरच्यांची भीती, दिलेली वचनं: आजच्या भाषेत हा व्हिसाचा अर्जच झाला. आणि पुढचं पुस्तक अंगावर येतं ते याच पानांमुळे. झाशीत त्यांनी जमवलेला पैसा लुटला जातो, तेव्हा आपल्याला वरसईचं कर्ज आठवतं. सुरुवातीचा हिशेब लेखकाने गाळला असता, तर ती लूट फक्त इतिहास राहिली असती.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. १८८३ला त्या इंग्लंडला गेल्या, १८८६ला अमेरिकेला. निमित्त होतं फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना डॉक्टरची पदवी मिळण्याचा समारंभ. १८८९ साली त्यांचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ आलं. नावातच क्रम बघा: आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. त्या देशाचा राज्यकारभार, शाळा, घरं, व्यापार आणि बायकांची स्थिती यावर प्रकरणं आहेत. हे पुस्तक रंजक नाही, हे मी चांगल्या अर्थाने म्हणतोय. इथे एक बाई परदेशाकडे आपल्या बायकांना काय उपयोगी पडेल, या प्रश्नाने बघते आहे. तिला नुसतं ‘दिसलं’ असं काही नाही. ती आधी ठरवून, विचारून, मोजून बघते.

म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या या दोन मोठ्या प्रवाशांना हिशेब लिहायची लाज नव्हती. लाज नंतर आली. प्रवासवर्णन ‘ललित’ झालं, मासिकातून क्रमशः येऊ लागलं, आणि परदेशी जाणं ही ज्यांना संस्थेकडून किंवा नोकरीतून मिळणारी संधी होती, अशा थोड्या लोकांकडे ते गेलं. वाचणारे लाखो, जाणारे मोजके. ज्याला जायचंच नाही त्याला व्हिसाची फी सांगून काय करणार? त्याला रस हवा. पु. लं.नी तो भरभरून दिला. दोष त्यांचा नाही. त्यांच्यानंतर ज्यांनी फक्त रस उचलला, त्यांचा आहे.

या रांगेत मीना प्रभु वेगळ्या उठून दिसतात. ‘दक्षिणरंग’, ‘मेक्सिकोपर्व’, ‘चिनी माती’, ‘तुर्कनामा’. बाई बऱ्याचदा एकटी फिरते, आणि खोली शोधणं, टॅक्सीवाल्याशी घासाघीस, चुकलेला रस्ता हे सगळं पुस्तकात येतं. तयारीची पानं त्यांनी परत आत घेतली, हे त्यांचं मोठं काम. तरी वाचताना मला मधूनमधून बाहेर काढल्यासारखं झालं. त्यांचं घर लंडनमध्ये होतं. निघण्याची जागाच वेगळी असली की भीतीही वेगळी असते. तुमसरहून निघणाऱ्याची पहिली भीती ‘चुकलो तर’ ही नसते, ‘नाकारलं तर’ ही असते.

मग रील आणि व्हिडिओ. ‘सहा दिवसांत जपान, खर्च एवढा’. तिथे उलटा प्रकार आहे: फक्त नियोजन, माणूस गायब. पण मी त्यांना हसणार नाही. सात दिवसांच्या जेआर पासची किंमत ऑक्टोबर २०२३मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली, आणि टोकियो-क्योटो जाऊन-येऊन सुटी तिकिटं काढली तर साधारण अठ्ठावीस हजारांतच भागतं, म्हणजे आपल्यासारख्याने पास घेऊ नये, हे मला कुठल्याही साहित्यिकाने सांगितलं नाही. केस लाल रंगवलेल्या एका मुलाने सांगितलं. त्याचे उपकार आहेत.

आता तक्त्याकडे. बाबांचा खर्च मी करणार, म्हणून नात्याचा पुरावा हवा. माझ्या जन्माच्या दाखल्यावर बाबांचं नाव ‘नामाजी’, कारण गावात सगळे त्यांना तेच म्हणायचे आणि नोंद करायला गेलेल्या काकांनी तेच सांगितलं. आधार आणि पासपोर्टवर ‘नामदेव’. एका कार्यालयातल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि अगदी सभ्यपणे विचारलं, हे तुमचे वडीलच कशावरून? चाळीस वर्षं दुसऱ्यांची पोती आणि आकडे जुळवलेला माणूस माझ्या शेजारी उभा होता. त्यांनी खिशातून चष्मा काढला, दोन्ही कागद वाचले आणि म्हणाले, “साहेब बरोबर बोलते. जुळत नाही.” प्रतिज्ञापत्र, राजपत्र, परत नागपूर, त्यात अडीच महिने गेले. मी चिडलो, ते नाही. मुनीमाला न जुळणारा हिशेब हा कोणाचा अपमान वाटत नाही.

गोडसे भटजींच्या परवानगीच्या पानांचं मोल मला त्या दिवशी कळलं. दीडशेहून जास्त वर्षांनंतर परवानगी लेकाने बापासाठी काढायची होती, एवढाच फरक.

कार्यक्रमाचा रकाना मी आधी घाईने भरला होता. दिवस पहिला: आसाकुसा, उएनो, अकिहाबारा, शिबुया. दिवस चौथा: फुशिमी इनारी, कियोमिझुदेरा, गिओन, आराशियामा. बाबांनी तो वाचला, तांदळाची बिलं वाचायचे तसाच, बोट फिरवत. “येवढा कायले चालाचा? मिलमधल्या हमालालेबी दुपारी सुट्टी रायते.” मग विचारलं, तिकडं भात भेटते ना. म्हटलं, बाबा, जपानला भाताचं काय विचारता. “तसा नाही गा. कोन्ता तांदूर हाये ते पाहाचा हाये.” मी हसलो, आणि मग लक्षात आलं की रमाबाईही असंच काहीतरी ठरवून निघाल्या होत्या. सहा दिवसांत बघण्यासारखा प्रश्न घरातून घेऊन जाणारा आमच्यात एकटा माणूस होता, आणि तो मी नव्हतो.

ओसाका काढलं. आराशियामा काढलं. चौथ्या दिवशीचं गिओनही काढलं. त्या जागी तांदळाचं दुकान, असं मी खरंच लिहिलं.

एक ओळ उरली होती. तुमसर रोड स्टेशन गावात नाही, चारेक किलोमीटरवर देव्हाडीला आहे. मुंबई-हावडा मार्गावरच्या कितीतरी लांबच्या गाड्या तिथे थांबत नाहीत. मिल सुटल्यावर बाबा मला सायकलवर तिथे न्यायचे, फक्त न थांबणाऱ्या गाड्या बघायला. फलाट हादरायचा, धूळ उडायची, आणि डबे मोजता मोजता माझा आकडा चुकायचा. त्यांचा कधी चुकला नाही.

क्योटोला शिनकानसेन बघावी तर तिथे प्रत्येक गाडी थांबते. पण टोकियोपासून ऐंशीएक किलोमीटरवर ओदावारा नावाचं स्टेशन आहे. तिथे नोझोमी गाड्या थांबत नाहीत, मधल्या रुळांवरून पूर्ण वेगात निघून जातात. फलाटाचं वेगळं तिकीट मिळतं. कुठल्याही ‘टॉप टेन’मध्ये हे नाव नाही, आणि ‘पूर्वरंग’मध्ये असणं शक्यच नव्हतं.

दिवस सहावा. कार्यक्रम: ओदावारा स्टेशन, फलाटावर दोन तास. व्हिसा देणाऱ्याला हे संशयास्पद वाटेल का, म्हणून मी ते दोनदा खोडलं. मग बाबांना विचारलं, काय लिहू?

“जे करनार ते लिही,” ते म्हणाले, आणि संपर्काच्या रकान्यात माझा नंबर बरोबर आहे का ते तपासायला लागले.